बनी तो बनी…

दिवाळीच्या सुटीला गावी निघालो की आमच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या खोलीत एक प्रसंग ठरल्याप्रमाणे घडतो. अर्थशास्त्राचे आमचे सहकारी चहाचा पेला खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "निघाला का? बनी तो बनी, नहीं तो परभणी!" सगळे हसतात. मीही हसतो. पंधरा वर्षे पुणे जिल्ह्यात नोकरी केल्यावर माणूस आपल्या जिल्ह्यावरच्या विनोदाला हसायला शिकतो.

मौज अशी की, ही म्हण आमच्या बाजूला लहान पोरालाही पाठ असते. अर्थ मात्र म्हणणाऱ्याच्या गावाप्रमाणे बदलतो. आमच्या सहकाऱ्यांच्या मते तिचा अर्थ असा की, जमले तर जमले, नाही तर घर आहेच. म्हणजे ही माणसे मुळातच आळशी. ताडकळसला आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सांगतात ते वेगळे. परभणीच्या काळ्या जमिनीत ज्वारी अशी पिके की, मुलखावर गेलेल्या माणसाचे बस्तान बसले नाही तरी परत येऊन उपाशी मरायची भीती नसे. एकाला जो दुर्गुण वाटतो ती दुसऱ्याची सुबत्ता. शब्द तेच!

या वर्षी मात्र सहकारी विनोदावर थांबले नाहीत. म्हणाले, "रागावू नका, पण तुमच्याकडे पाणी द्या, पैसा द्या, उपयोग नाही. संस्था चालवायची तर माणसांच्या अंगात ती संस्कृती असावी लागते. आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही." मी उत्तर दिले नाही. गाडीत बसल्यावर सुचलेली उत्तरे काही कामाची नसतात; पण ती परभणी येईपर्यंत सुचत राहिली हे खरे.

मी भाषेचा माणूस. मला आकड्यांपेक्षा शब्द लवकर दिसतात. तात्या अजून तलाठ्याला 'पटवारी' म्हणतात. सरकारने मध्यंतरी तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' करून टाकला, पण तात्यांच्या लेखी तो पटवारीच. माझी आजी जकातीला 'करोडगिरी' म्हणे. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याचे नाव 'अव्वल तालुकदार', वर्ष 'फसली', रुपया 'हाली', निजामाच्या खाजगी मालकीचा मुलूख 'सर्फेखास'. आता नगर-साताऱ्याकडच्या खेड्यातले शब्द पाहा: सभा, पेढी, सोसायटी, प्रोसिडिंग, चेअरमन. तिकडे गावात 'चेअरमन' अशी हाक मारली तर दोन-तीन माणसे तरी मागे वळून पाहतात. आमच्या आजीच्या शब्दांत सगळी माणसे वर बघणारी: वर कोणीतरी घेणारा आहे आणि खाली आपण देणारे आहोत. तिकडच्या शब्दांत माणसे एका सतरंजीवर बसलेली आहेत, मग भांडत का असेनात.

हे शब्द काही आकाशातून पडले नाहीत. हैदराबाद संस्थानात ढोबळमानाने शंभरातली साठ हिस्से जमीन सरकारी दिवाणीची, तीस जहागीरदारांची आणि दहा सर्फेखासची. जहागिरी मोडल्या त्या १९४९ साली. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले त्याचे शिक्षणही उर्दूतूनच. सभा भरवायची तर 'गश्ती निशान तिरपन्न' आडवे येई. आधी परवानगी, मग सभा. खाजगी शाळा काढायलाही परवानगी. ज्या काळात पुण्याकडे दर दोन गावांमागे एखादी सभा ठराव करीत होती, त्या काळात आमच्याकडे चार माणसांनी एकत्र बसणे हीच मुळी एक राजकीय कृती होती. तरी माणसे बसलीच. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ शिकवू लागले. सेलूला नूतन विद्यालय उभे राहिले. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते आमच्याच तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला. माणसांच्या अंगात काही नव्हते असे म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि पलीकडे जे होते ते तरी जन्मजात होते काय? १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सुप्यापासून सावकारांची खतेपत्रे जाळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना कोणी सहकाराचे आदर्श म्हटले नव्हते. त्या दंग्यांनंतर १८७९ सालचा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला पतपेढी काढली ती १९२३ साली. प्रवरानगरचा साखर कारखाना नोंदला गेला १९४८ अखेरीस, आणि धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पहिला गळीत हंगाम सुरू झाला १९५० च्या शेवटी. म्हणजे पतपेढीच्या वहीपासून कारखान्याच्या धुराड्यापर्यंत सत्तावीस वर्षे! आज लोकांना धुराडे दिसते. त्या सत्तावीस वर्षांत किती वेळा हप्ता मागितला, किती वेळा जमाखर्च जुळला नाही, किती वेळा भाऊबंदांनी तोंड फिरवले, हे कोणाला दिसत नाही. 'संस्कृती' म्हणतात ती बहुधा अशा न दिसणाऱ्या वर्षांचीच बेरीज असते.

शिवाय पाणी! भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. आमच्या जायकवाडीचे उद्घाटन १९७६ साली. मध्ये बरोबर पन्नास वर्षे आहेत. उसाला पाणी लागते; नुसत्या संस्कृतीवर ऊस वाढत नाही.

कोणी म्हणेल, संस्थानी मुलूख म्हणजे मागासच राहायचा. तेही खरे नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर नेले. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. औंधच्या राजाने माळरान दिले म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजा होता की गोरा साहेब होता, यावर सगळे ठरले नाही. खाली कोणत्या प्रकारची व्यवस्था मूळ धरू दिली गेली, यावर बरेचसे ठरले. २०२४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक असिमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना मिळाले ते काहीशा याच विषयावर: देश श्रीमंत का होतात आणि गरीब का राहतात, याचे उत्तर ते संस्थांत शोधतात.

इथवर उत्तर तयार झाले आणि परभणी स्टेशन आले. एस.टी.त बसलो तेव्हा मी मनातल्या मनात अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना पुरते नामोहरम केले होते. घरी पोचलो आणि पायही धुतले नव्हते, तोच पुतण्या एक कागद घेऊन समोर उभा!

हा तात्यांचा नातू. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन गावात परत आलेला. त्याला शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढायची आहे. २००२ साली कायद्यात तशी सोय झाली: दहा शेतकरी एकत्र आले तर कंपनी नोंदता येते, आणि शेअर किती का असेनात, एका माणसाला एकच मत. नऊ जण मिळाले आहेत. माझ्या नावावर वाटणीची चार एकर जमीन आहे, म्हणून दहावा मी.

"काका, तुम्ही फक्त सही करा," तो म्हणाला.

त्याचा मुद्दा साधा होता. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घरात येते आणि त्याच वेळी सगळ्यांना पैसा लागतो. बियाण्याची उधारी, खताची उधारी, लेकीबाळींचे येणे-जाणे. गावात बाजार समिती आहे, पण सगळ्यांचा माल एकाच महिन्यात आला की भाव पडणारच. ओलाव्याचा कडता जातो, हमाली जाते, तोलाई जाते. ज्याच्याकडून उधार घेतले त्याच्याकडेच माल घालायचा, मग भावाचे बोलायला तोंड उरत नाही. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळते. पणन मंडळाची तारण योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत रक्कम, व्याज सहा टक्के. पण एकटादुकटा शेतकरी सात पोती घेऊन गोदाम आणि कागदपत्रे यांच्या मागे किती फिरणार? दहा जणांचा माल एकत्र असेल तर फिरणे परवडते.

सारे पटण्यासारखे होते. मी खिशातले पेन काढले. ओसरीवरून तात्या म्हणाले, "तुझ्या बापानंबी अशीच सही केली व्हती."

मी पेन परत खिशात ठेवले.

वाचकहो, इथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर त्यांना घेतले. संस्थेचे नाव सांगत नाही. ती आता नाही, आणि त्या काळात तशा पुष्कळ होत्या. गुरुजी आहेत म्हणून गल्लीतल्या तीसेक घरांनी तिथे पैसे ठेवले. कोणाचे मुलीच्या लग्नाचे, कोणाचे बैल विकून आलेले. महिन्याला सभा होई. वडील प्रोसिडिंगवर सही करीत. ते वाचीत मात्र नसत. एकदा मी विचारले, "बाबा, वाचत का नाही?" ते म्हणाले, "अरे, रोज आपल्या ओसरीवर बसणारी माणसं. त्यांच्यासमोर कागद वाचायला लागलो तर त्यांना काय वाटेल?"

संस्था बुडाली. वडिलांनी त्यात एक पैसाही खाल्ला नव्हता, हे गावाला माहीत होते. पण पैसे ठेवणाऱ्यांनी संस्था बघितली नव्हती, गुरुजी बघितले होते. शेजारची एक म्हातारी रोज सकाळी येऊन दारात बसे. काही बोलत नसे. नुसती बसे. दोन महिन्यांनी वडिलांनी दोन एकर जमीन विकली आणि जेवढ्यांचे देता आले तेवढ्यांचे दिले. उरलेल्यांच्या घरावरून ते पुढे कधी गेले नाहीत. देवळात जायचे तर मागच्या आळीने जात.

तेव्हा सहकाऱ्यांचा प्रश्न मला गाडीत वाटला तितका सोपा राहिला नाही. निजाम जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. १७ सप्टेंबर १९४८ ला मुलूख मोकळा झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९५८ साली विद्यापीठ मिळाले, १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ आले. १९८४ साली दांडेकर समितीने कोणत्या भागाची किती तूट आहे ते मोजले. १९९४ पासून २०२० पर्यंत वैधानिक विकास मंडळ होते. 'अनुशेष' हा शब्द आमच्या मुलांना पाढ्यांबरोबर येतो. पण हाही शब्द वरच बघतो: मुंबईने द्यायचे आणि आम्ही मोजायचे. वडिलांच्या पतसंस्थेत मुंबईचा काय संबंध होता? तिथे तर सगळे आम्हीच होतो.

रात्री झोप आली नाही. एका अमेरिकन पंडिताचे पुस्तक आठवत राहिले. रॉबर्ट पटनम त्याचे नाव; पुस्तक १९९३ सालचे. इटलीत १९७० साली सगळ्या प्रांतांना सारख्याच धर्तीची प्रांतिक सरकारे मिळाली. उत्तरेत ती बरी चालली, दक्षिणेत रखडली. का, याचा शोध घेत हा गृहस्थ पार मध्ययुगात गेला आणि म्हणाला, उत्तरेत लोकांना पूर्वीपासून मंडळे करून राहायची सवय आहे; गाण्याची मंडळे, खेळाची मंडळे. वाचताना मला वाटले होते, ठीक आहे. पण मूळ हजार वर्षे खोल असेल तर आजच्या दक्षिणेतल्या माणसाने करायचे काय? नव्या आजोबांच्या पोटी जन्म घ्यायचा?

सकाळी मारुतीच्या पारावरून जाताना देवळाच्या भिंतीला चिकटवलेला एक जुना कागद दिसला. मागच्या सप्ताहाचा जमाखर्च. पावसाने निम्मा पुसलेला.

आता आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह ज्याने पाहिला नाही त्याला सांगतो. सात दिवस, आठ प्रहर वीणा खाली ठेवायचा नाही. पहाऱ्याची यादी लागते; रात्री दोन ते चार कोण, हे नावानिशी लिहिलेले असते आणि तो माणूस येतो. घरटी वर्गणी, त्याशिवाय धान्य. सात दिवस पंगती. कीर्तनकारांची बिदागी, मंडपवाला, आचारी, तेलाचे डबे. गावात एकमेकांशी बोलत नाहीत अशी माणसे शेजारी उभी राहून वाढतात. आणि काल्याचे कीर्तन संपले, महाप्रसादाच्या आधी, की भोंग्यावरून हिशेब वाचतात. अमक्याचे पाचशे एक, तमक्याची दोन पायल्या ज्वारी, आचाऱ्याची मजुरी इतकी, शिल्लक इतकी. एका वर्षी तेलाचा एक डबा जास्त दाखवला गेला, तर पंगतीतला एक माणूस हातात द्रोण घेऊन उठला आणि म्हणाला, "येक डबा कुठं गेला?" कोणाला राग आला नाही. डबा मंडपाच्या मागे सापडला.

मी त्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिलो. हीच माणसे. हेच गाव. इथे फसवणूक होत नाही, याचे कारण सगळे संत आहेत असे नव्हे. इथे हिशेब मागावा लागत नाही. तो वाचलाच जातो. मागणाऱ्याला भीड नाही आणि देणाऱ्याला अपमान नाही. माझे वडील ज्या भिडेत बुडाले ती भीड सप्ताहाच्या रिवाजाने कधीच मोडून ठेवली आहे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मी वर्गात कितीदा समजावून सांगितली असेल! पण भीड माणसाच्या स्वभावातून काढता येत नाही. वडिलांसारख्या माणसाला 'निर्भीड व्हा' म्हणून काय उपयोग? प्रश्न विचारणे हेच ज्या ठिकाणी रीतीचे असेल, अशी जागा त्यांच्यासाठी हवी होती. ती नव्हती. दोन पावलांवर, मारुतीच्या देवळात, तिचा नमुना होता. पण देवळातली रीत पेढीत न्यायची असते हे कोणाला सुचले नाही.

घरी येऊन वहिनींना हे सांगितले, तर त्या भाकरी थापता थापता हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या गटात तर पैलेपासून असंच हाय." त्यांचा बचत गट आहे. महिन्याला बारा बायका गोल बसतात, पैसे सगळ्यांसमोर मोजतात आणि वही एकीने लिहायची, दुसरीने मोठ्याने वाचायची. मला एम.ए. होऊन, नोबेल पारितोषिकाच्या वाटेने फिरून जे सापडले ते आमच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षे चालू होते. असो.

दुपारी मी पुतण्याला बोलावले. म्हटले, "सही करतो. पण एक अट. दर महिन्याच्या शेवटी कंपनीचा जमाखर्च पारावर भोंग्यावरून वाचायचा. कोणी मागो वा न मागो. पहिला हिशेब मी जायच्या आत."

तो म्हणाला, "काका, कायद्यात वर्षाची सभा आहे, ऑडिट आहे."

"ते करच. पण ऑडिटचा कागद गावाला वाचता येत नाही. भोंगा सगळ्यांना ऐकू येतो."

तात्या ओसरीवर होते. मला वाटले, आता बोलतील. ते काही वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाच्या टायमाला भोंगा असता, तर दोन एकर राहिली असती." एवढेच. मी सही केली. अक्षर वडिलांसारखेच आले. ते चांगले की वाईट, कळले नाही.

मला कंपनीच्या भवितव्याविषयी फार खात्री आहे असे नाही. सोयाबीनचा भाव मारुतीच्या पारावर ठरत नाही. तो पार परदेशातल्या पिकावर आणि तेलाच्या आयातीवर हेलकावे खातो. दहा माणसांतली दोन पहिल्याच वर्षी रुसतील. लोणीला सत्तावीस वर्षे लागली हे विसरून चालणार नाही, आणि आमचा पुतण्या सत्तावीस वर्षे थांबेल असे त्याच्या मोटारसायकलच्या वेगावरून वाटत नाही. पण सहकाऱ्यांना द्यायचे उत्तर मात्र मिळाले. 'आमच्यात ते नाही' हे खरे नव्हे. ते देवळात आहे, पेढीत नाही. हे अंतर वीसेक पावलांचे आहे, पण आम्ही ते तीन पिढ्या चाललो नाही. त्याचा दोष थोडा निजामाचा, थोडा मुंबईचा, आणि उरलेला आमचा.

पाडव्याच्या संध्याकाळी पहिला हिशेब वाचला. दहा जणांचे प्रत्येकी एक हजार जमा. कागदपत्रांची फी, मुद्रांक, परभणीच्या दोन फेऱ्या, झेरॉक्स. शेवटी, चहा: एकशे चाळीस रुपये. पारावर वीस-पंचवीस माणसे होती. मागून कोणीतरी ओरडले, "च्या कोण कोण पिला त्ये बी वाचा!"

सगळे हसले. पुतण्या गडबडला, पण वही उघडली आणि खरोखरच नावे वाचू लागला. त्यात माझे नाव दोनदा आले.